चौसष्ट केबीतला डाव

ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासात मी शनिवार-रविवार मोबाइल गेम बनवायला शिकवते. नव्या बॅचचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, युनिटी शिकू की गोडो? की सरळ व्हल्कनला हात घालू?" युनिटी आणि गोडो ही गेम बनवायची तयार इंजिनं; व्हल्कन म्हणजे इंजिनाशिवाय थेट ग्राफिक्स चिपशी बोलायचा रस्ता. मी उलट विचारते, "तुझा गेम खेळणार कोण, आणि त्याच्या हातात फोन कुठला?" पोरांना वाटतं, मॅडम टाळतायत. टाळत नाही. या धंद्यात वीसेक वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय, की आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ग्राफिक्सचं फ्रेमवर्क, म्हणजे पडद्यावर चित्र काढायचा तयार सांगाडा, ऑफिसात बसून कुणी निवडलंच नाही. ते निवडलं लोकलच्या डब्यातल्या सगळ्यात स्वस्त फोननं. आम्ही इंजिनिअरांनी त्याला मागाहून कारणं चिकटवली.

सुरुवातीला तर निवडायला काही नव्हतंच. टानेली अर्मांटो या नोकियातल्या प्रोग्रॅमरनं लिहिलेला सापाचा गेम नोकिया ६११० वर आला, मग ३३१० वर त्याची दुसरी आवृत्ती. त्या फोनांवर बाहेरच्या माणसाला काही चढवताच यायचं नाही. कारखान्यातून जे आलं ते खेळायचं. २००३ मध्ये टॉर्चवाला ११०० निघाला. डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लेडीज सेकंड क्लासमध्ये भाजी निवडणाऱ्या बायकांच्या पर्सा उघडल्या असत्या तर निम्म्या पर्सांतून तोच निघाला असता. जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपलेला हा फोन, पण त्यात बाहेरचे गेम चालवणारं जावा नव्हतं. म्हणजे गर्दी आमच्या डोळ्यांसमोर आणि दुकानाला कुलूप.

तरी मुंबईत धंदा उभा राहत होता. विशाल गोंडल यांची इंडियागेम्स १९९९ ची, नितीश मित्तरसैन यांची नझाराही त्याच सुमाराची. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या आमच्यासारख्या छोट्या गाळ्यांना मिळायचं ते पोर्टिंगचं काम. एमआयडीसीचा कारभार १ ऑगस्ट १९६२ ला जिथून सुरू झाला ती ही वसाहत. लेथ आणि प्रेस मशीनसाठी बांधलेल्या गाळ्यात जिप्समच्या भिंती घालून आम्ही बसायचो. परदेशी कंपनीनं एका फोनसाठी बनवलेला गेम घ्यायचा आणि तो आणखी डझनावारी मॉडेलांवर चालवून द्यायचा, हे पोर्टिंग. ऑफिसातली सर्वांत महागडी वस्तू म्हणजे हँडसेटचं कपाट. त्याची किल्ली मालक घरी घेऊन जायचे.

आमचं फ्रेमवर्क तेव्हा एकच, जे२एमई, म्हणजे फोनांसाठीचं छोटं जावा. त्याचं एमआयडीपी १.० हे मानक २००० चं आणि २.० नोव्हेंबर २००२ चं. कागदावर दोघांत आकड्याचाच फरक, पण एकात गेम बनवणं आणि दुसऱ्यात बनवणं हे दोन वेगळे धंदे होते. दुसऱ्या आवृत्तीत गेमसाठी तयार वर्ग होते: गेमकॅनव्हास, स्प्राइट, टाइल्ड लेयर, लेयर मॅनेजर. चित्र उलटं-पालटं करायची सोयही होती. पहिलीत यातलं काहीच नाही. सगळ्या हालचालींची एक लांब पट्टी करायची, पडद्यावर एका चौकटीएवढी खिडकी उघडी ठेवायची आणि हवी ती मुद्रा त्या खिडकीत येईल इतकी पट्टी डावीकडे सरकवून काढायची. फोन बाजारात दोन्ही होते, आणि स्वस्तातले बहुतेक पहिल्या आवृत्तीचे. त्यामुळे नवी सोय हाताशी असूनही आम्ही कोड लिहायचो तो जुन्याच पद्धतीनं.

मर्यादा काय होती ते आजच्या पोरांना आकड्यानंच सांगावं लागतं. नोकियाच्या सिरीज ४० फोनांच्या त्या पिढीत अख्खी जार फाइल ६४ केबीत बसवायची. कोड, चित्रं, आवाज, मेनू, सगळं त्यात. पडदा १२८ बाय १२८. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर पडद्याएवढं एक कोरं चित्र मेमरीत ठेवायलाच ३२ केबी लागायचे. पीएनजी फाइल कितीही लहान असली तरी तिच्या मथळ्या-शेपटीत पन्नासेक बाइट जातात, शिवाय जारच्या यादीत तिची नोंद वेगळी. म्हणून वीस चित्रं कधीच ठेवायची नाहीत, विसांची एकच पट्टी करायची. वर्गही कमीत कमी ठेवायचे. व्याख्यानात ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणून जे जे पाठ केलं होतं ते सगळं इथे गुंडाळून ठेवायचं, आणि शेवटी प्रोगार्ड या कोड आटवणाऱ्या साधनातून काढून चलांची नावं अ, ब, क करून टाकायची. आठशे बाइट वाचले की त्या दिवशी चहा मालकांचा.

आमचा पहिला स्वतःचा गेम क्रिकेटचा. त्याचा एक भाग मला आजही क्लासात फळ्यावर काढून दाखवावासा वाटतो. आठ देशांचे संघ हवेत, पण आठ रंगांच्या जर्सीचे फलंदाज ठेवायला जागा नाही. तेव्हा फलंदाज एकच ठेवला, निळा. पीएनजी चित्रात रंगांची एक यादी असते, दर रंगाला तीन बाइट. गेम सुरू होताना ती फाइल आम्ही कच्च्या बाइटांसारखी वाचायचो, यादीतला निळा शोधून त्या जागी पाकिस्तानचा हिरवा किंवा ऑस्ट्रेलियाचा पिवळा टाकायचो, मग त्या तुकड्याच्या शेवटचा चार बाइटांचा सीआरसी नव्यानं मोजून लिहायचो. तो मोजला नाही तर फोन चित्र उघडायचाच नाही. इतकं केलं की एका चित्राच्या किमतीत आठ संघ. याला कुठल्याही फ्रेमवर्कात तयार बटण नव्हतं.

डावखुऱ्याचं मात्र काही जमलं नाही. एमआयडीपी १.० मध्ये चित्र आरशासारखं फिरवता येत नव्हतं. नोकियाच्या स्वतःच्या जोडणीत यायचं, पण ती वापरली तर मोटोरोलावर गेम बंद. डावखुऱ्या फलंदाजाची वेगळी पट्टी ठेवायची तर प्रेक्षकांच्या टाळ्या काढाव्या लागत होत्या. टाळ्या राहिल्या. सौरव गांगुली आणि युवराज सिंग ऐन भरात असताना आमच्या गेममधली भारताची सगळी फळी उजव्या हातानं खेळत होती. नावं दिली नव्हती म्हणून कुणी विचारलं नाही.

बटणांचा तमाशा आणखी निराळा. पडद्याखालच्या दोन सॉफ्ट कीजना नोकिया उणे सहा आणि उणे सात म्हणायचा, मोटोरोला उणे एकवीस आणि उणे बावीस. ब्रेमेनच्या एका जर्मन कंपनीनं काढलेलं जे२एमई पॉलिश तेव्हा गाजत होतं. त्यात फोनांची मोठी यादी असायची आणि कोडात "हा फोन असेल तर या ओळी घे" अशा खुणा करता यायच्या. आम्ही तशाच खुणा आमच्या पद्धतीनं करायचो, कारण त्या यादीत आपल्याकडे खपणारे सगळे फोन सापडतील याची खात्री नसायची.

ब्रू हा दुसरा रस्ता होता. क्वालकॉमचा, सी भाषेतला, टाटा इंडिकॉमच्या फोनांसाठी. वेग चांगला, पण पैसे भरून चाचणी पास केल्याशिवाय गेम फोनवर जायचा नाही. रिलायन्सचं आर वर्ल्ड हे पोर्टल जावावर होतं, आणि ते चालायचं आपल्याच जिल्ह्यातून, कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून. इथे एक गंमत नोंदवून ठेवते. डोंबिवलीच्या घरातल्या लँडलाइनचा कोड ०२५१, म्हणजे आम्ही मुंबईबाहेरचे. पण मोबाइलच्या परवान्यात कल्याण टेलिफोन्सचा भाग मुंबई सर्कलमध्ये. त्यामुळे ऑरेंज आणि बीपीएल या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवर मुंबईकरांना जे गेम मिळायचे ते डोंबिवलीकरांनाही त्याच दिवशी मिळायचे. मिळायचे म्हणजे दिसायचे. विकत घेणारे थोडे.

घेणार कशाला? डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेरच्या गल्लीत छत्र्या आणि चार्जर विकणाऱ्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. गाणी, वॉलपेपर आणि शंभर गेम, पन्नासच्या नोटेत. दुकानातल्या पोराला जावा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण कुठली जार फाइल कुठल्या पडद्यावर चालते हे आमच्या टेस्टिंग टीमपेक्षा त्याला जास्त पाठ होतं. १२८ चा फोल्डर वेगळा, १७६ बाय २०८ चा वेगळा, २४० बाय ३२० चा वेगळा. एकदा माझाच क्रिकेटचा गेम त्यानं मला काढून दाखवला, "ताई, हा हलका आहे, अडकत नाही." माझ्या कामाबद्दल ऐकलेल्या शेऱ्यांत हाच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

डब्यानंही आम्हाला बरंच शिकवलं. डोंबिवलीला चढलं की एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. खेळायला उरतो एक अंगठा. फास्ट लोकल तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायची, १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरलं की रेंज गेलीच. त्यामुळे सर्व्हरशी बोलून चालणारे गेम इथे कधी रुजले नाहीत. गेम एका अंगठ्याचा असावा, रेंजशिवाय चालावा आणि ठाणं आलं की झटक्यात बंद करता यावा. लेडीज डब्यात मी क्रिकेट खेळताना कुणाला पाहिलंच नाही; तिथे नोकियातच आलेला बाउन्स चालायचा, आणि हिरे जुळवायचे गेम. मी हे ऑफिसात सांगितलं तर उत्तर यायचं, मार्केट क्रिकेटचं आहे. मार्केट म्हणजे जेंट्स डबा.

त्रिमितीचा काळही येऊन गेला, पण त्यावर फार शाई खर्चावी असं नाही. जेएसआर १८४ हे जावातलं त्रिमितीचं मानक २००३ चं, सोनी एरिक्सनच्या फोनांत मॅस्कॉट कॅप्सूल हे त्रिमितीचं इंजिन. फडके रोडवर दिवाळी पहाटेला जमणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडे ते फोन असायचे. गाड्यांचे गेम छान दिसायचे. विकले जायचे नाहीत.

२२ ऑगस्ट २००८ ला आयफोन ३जी भारतात आला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना. त्यासाठी गेम लिहायचा तर मॅक हवा, म्हणजे तो खर्च आणखी. त्या वर्षी अर्जेंटिनातल्या लॉस कोकोस गावाशी जमलेल्या काही मित्रांनी पायथॉनमध्ये कोकोस२डी हे गेमचं फ्रेमवर्क बनवलं आणि त्यांच्यातल्या रिकार्डो केसादानं ते आयफोनवर नेलं. त्यावर बनलेले गेम जगभर गाजले. आमच्या गाळ्यात मात्र त्याचं नाव पोचेपर्यंत अँड्रॉइडचे स्वस्त फोन येऊन ठेपले होते.

सॅमसंगचा गॅलक्सी वाय २०११ चा, पडदा २४० बाय ३२०. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा मागोमाग आलेच. आता पहिल्यांदा खरोखर निवड करायची वेळ आली. अँडइंजिन होतं, पण त्याला माहितीपुस्तिका नव्हती. नमुन्याचे कोड वाचून शिकायचं. ऑस्ट्रियाच्या मारिओ झेचनरचं लिबजीडीएक्स होतं, जावातलं. चीनमधून आलेलं कोकोस२डी-एक्स होतं, सी++ मधलं. आणि युनिटी होती. माझ्यासारख्या जे२एमईतून आलेल्यांनी डोळे झाकून लिबजीडीएक्स उचललं. भाषा तीच, आणि तयार गेमची फाइल दोन-चार एमबीत बसायची. युनिटीत रिकामा प्रकल्प जरी बाहेर काढला तरी तो त्याच्या कितीतरी पट भरायचा, आणि २जीच्या पॅकवर एवढं उतरवून घेणार कोण?

माझा कॅरमचा गेम त्या वेळचा. खरं तर तो आधी जे२एमईत लिहिला होता. जे२एमईच्या खालच्या थरात, सीएलडीसी १.० मध्ये, दशांश अपूर्णांक नव्हते, म्हणून सोंगटीची गती १०२४ नं गुणून पूर्णांकात ठेवायची आणि चित्र काढताना परत भागायची. लिबजीडीएक्समध्ये दशांश मिळाले, तरी तो हिशेब मी तसाच ठेवला, कारण सगळ्या फोनांवर सोंगटी नेमकी एकाच जागी थांबायची. पुढे युनिटीत गेले तेव्हाही ओळी जवळपास त्याच राहिल्या, फक्त जावाच्या सी शार्प झाल्या. चित्र काढायचा भाग मात्र दोन्ही वेळा फेकून दिला.

अँड्रॉइडवर पडद्यांचं भांडण मिटलं तर चिप्सचं सुरू झालं. पॉवरव्हीआर, अ‍ॅड्रीनो, टेग्रा, प्रत्येकाची चित्र दाबून ठेवायची पद्धत वेगळी. सगळीकडे चालेल अशी एकच होती, ईटीसी१, आणि तिच्यात पारदर्शकपणा नव्हता. म्हणून रंगांचं एक चित्र आणि कडांचं दुसरं, असं जोडीनं ठेवायचं. ओपनजीएल ईएस ३.० हे फोनांवरच्या ग्राफिक्सचं नवं मानक आलं २०१२ ला, त्यात ईटीसी२ नं हे दुखणं संपवलं. पण ते आपल्या हातातल्या फोनांपर्यंत यायला आणखी तीन-चार दिवाळ्या गेल्या.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजही बोचते: आपली लिपी. मी वापरलेल्या फ्रेमवर्कांपैकी एकालाही मराठी नीट लिहिता येत नव्हतं. "क्रिकेट" हा शब्द घ्या. मेमरीत तो क, हलन्त, र, वेलांटी, क, मात्रा, ट अशा क्रमानं असतो. अक्षरं जोडून मांडणारा कुणी मध्ये नसेल तर पडद्यावर पायमोडका क, त्याच्याशेजारी सुटा र, आणि वेलांटी पुढच्या कच्या गळ्यात. लिबजीडीएक्सचा बिटमॅप फॉन्ट असंच लिहायचा. युनिटीही वर्षानुवर्षं असंच लिहीत आली. अँड्रॉइड २.३ च्या कित्येक फोनांवर तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मग आम्ही श्रीलिपीत शब्द टाइप करायचो, फोटोशॉपमध्ये त्याचं चित्र करायचो आणि "खेळ सुरू", "पुन्हा खेळा" ही चित्रं बटणांवर लावायचो. खेळाडूचं नाव मराठीत घ्यायचं तर हा उपाय कुचकामी, म्हणून नाव इंग्रजीत. मराठी आकडे मात्र एकमेकांना चिकटत नाहीत. शून्य ते नऊ, दहा चित्रं, काम फत्ते. माझ्या कॅरममध्ये गुणफलक शुद्ध मराठी आणि बाकी सगळं रोमन, याचं कारण एवढंच. मराठी पालक विचारायचे, मराठीत गेम का नाहीत? मागणी नाही, असं छापील उत्तर मिळायचं. मागणी मोजण्याआधी शब्द पडद्यावर उमटायला तर हवा! अक्षरं नीट जोडून लिहायची सोय गेम इंजिनात मला पहिल्यांदा सरळ मिळाली ती गोडो ४.० मध्ये, मार्च २०२३ ला. त्यात हार्फबझ हे अक्षरं जोडणारं इंजिन आतच बसवलेलं आहे. गोडो मूळचं अर्जेंटिनाच्याच दोघांचं, २०१४ पासून सर्वांसाठी खुलं.

पुन्हा थोडं मागे येते. मे २०१३ मध्ये युनिटीनं मोबाइलची मूळ जोडणी फुकट केली आणि ठाण्या-डोंबिवलीतल्या क्लासच्या पाट्या बदलल्या. "जावा गेमिंग" पुसलं गेलं, "युनिटी ३डी" आलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि फाइलच्या आकाराची भीती ओसरली. त्याच वर्षी नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा, विकास जायसवाल यांचा लुडो किंग आला. नवी मुंबई म्हणजे ठाणे जिल्हाच. देशात सर्वाधिक चाललेल्या गेमांपैकी एक आपल्या जिल्ह्यात बनला आणि तो दिसायला कसा? सपाट पट, चार रंग, एक फासा. एकाच फोनवर चौघांना खेळता येतो, रेंज लागत नाही. २००५ च्या लेडीज डब्याला विचारलं असतं तर त्यानं हेच मागितलं असतं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या तेव्हा घराघरांत तोच चालू होता.

आणि २०१७ मध्ये जिओफोन आला. १५०० रुपये परत मिळणारी अनामत, कायओएस, पडदा पुन्हा २४० बाय ३२०! गेम एचटीएमएलमध्ये लिहायचे, फेजरसारख्या फ्रेमवर्कात. जी पट्टी मी कधी गॅलक्सी वायसाठी कापली होती तीच तिथे जशीच्या तशी बसली.

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, ठरावीक कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल ओलांडल्यावर वीस सेंटपर्यंत. परदेशात त्यावर तत्त्वाची चर्चा झाली. आपल्याकडे साधा हिशेब होता: फुकट गेम, लाखो इन्स्टॉल, जाहिरातीतून माणशी काही पैसे, त्यात वीस सेंट कुठून आणायचे? वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती योजना त्यांनी गुंडाळली. पण माझ्या क्लासातला "युनिटी की गोडो" हा प्रश्न शुल्क जाहीर झालं त्याच आठवड्यात जन्मला. माझं उत्तर सांगून टाकते: दोन्हींपैकी कुठलंही घ्या, आणि खेळाचे नियम त्यापासून वेगळ्या फाइलीत लिहा. चित्र काढणारं इंजिन दहा वर्षांत बदलणारच.

या धंद्याचा आपल्या पट्ट्यातला इतिहास कुठल्या ग्रंथालयात नाही, तो लोकांच्या खणांत पडलाय. त्यातही उलटा न्याय असा, की जे गेम लोकांनी कंपनीच्या पोर्टलवरून पैसे देऊन घेतले त्यांतल्या पुष्कळांना फॉरवर्ड लॉक होता. ते फोनबाहेर निघत नाहीत आणि फोनाबरोबरच मरतात. स्टेशनबाहेरच्या गल्लीत पन्नास रुपयांत भरून घेतलेल्या कार्डातले मात्र सुटे आहेत. तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात जुना नोकिया, सॅमसंग, सोनी एरिक्सन असेल तर एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात द्यायच्या आधी त्याचं कार्ड काढून संगणकाला लावा, जार नावाच्या फाइली शोधा आणि जपून ठेवा. जे२एमई लोडर हे अ‍ॅप टाकलं तर त्यांतल्या बऱ्याच आजच्या अँड्रॉइडवरही चालतात. फोन चालू करून पाहायचा असेल आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्जिंगला लावू नका. नोकियाची बीएल-५सी बॅटरी अजूनही बाजारात मिळते.